निरीक्षक ब

१

दीपमाला वाशीमहून पुण्यात आली तेव्हा तिच्याजवळ दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि कुणाचं काही ऐकून न घेण्याचा स्वभाव एवढंच होतं. मानसशास्त्रात एम.ए. करायचं म्हटल्यावर घरच्यांनी, आता वेड्यांची डॉक्टर होणार का, असं विचारलं. तिने हो म्हणून सांगितलं आणि विषय संपवला. आता ती दुसऱ्या वर्षाला होती, वारज्यात कॉट बेसिसवर राहत होती, आणि आठवड्यातले चार दिवस सकाळी अकरा ते दोन मंदाकिनी मॅडमच्या संशोधनात फुकट राबत होती. फुकट हा शब्द तिच्या रूममेटचा. मॅडम त्याला अनुभव म्हणत.

जोडीदार जाऊन वर्षही झालेलं नाही अशा माणसांच्या मुलाखती मॅडमनी त्यांच्या घरी जाऊन घेतल्या होत्या. प्रत्येक व्हिडिओ चाळीस मिनिटांचा. दीपमालाने तो दर दहा सेकंदांनी थांबवायचा आणि एकच गोष्ट लिहायची: त्या क्षणी माणूस कुठे बघतंय. मॅडमकडे बघत असेल तर १, कॅमेऱ्याकडे २, खाली ३, आणि दुसरीकडे कुठेही असेल तर ४. एका व्हिडिओचे दोनशे चाळीस आकडे, छापील तक्त्यात, पेन्सिलीने.

हेच काम आणखी एक जण वेगळ्या वेळी येऊन करत होतं. तक्त्यावर दीपमालाचं नाव होतं ‘निरीक्षक अ’ आणि त्या दुसऱ्याचं ‘निरीक्षक ब’. दोघांनी भेटायचं नाही, एकमेकांचे तक्ते बघायचे नाहीत, आणि एकदा लिहिलेला आकडा बदलायचा नाही. शेवटी मॅडम दोन्ही तक्ते शेजारी ठेवून किती आकडे जुळले ते काढणार. ऐंशी टक्के जुळले की काम भरवशाचं. एकमेकांना न विचारता दोन माणसांना एकच गोष्ट दिसली, म्हणजे ती तिथे असणार, असा त्यामागचा विचार.

कामाची खोली विभागाच्या जिन्यामागे होती. परीक्षेची जुनी बाकं तिथे एकामागे एक लावून ठेवलेली होती, दोन-दोन मुलं बसतील अशी. पहिल्या बाकावर दीपमाला बसे. मागच्या दोन बाकांवर धूळ होती. दाराशी पत्र्याची पेटी होती, भरलेला तक्ता तिच्यात टाकायचा. पेटीला कुलूप नव्हतं, नियम होता.

एक गोष्ट तिला सुरुवातीलाच खटकली होती. मुलाखत अर्ध्यावर आली की माणसं बसल्या जागी थोडी सरकत. सोफा असो, दिवाण असो, मधोमध बसलेलं माणूस शेवटी कडेला गेलेलं असायचं. पण सरकण्यासाठी तक्त्यात आकडा नव्हता, म्हणून तिने ते कुठे लिहिलं नाही.

२

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सोळा तक्ते मांडलेले होते, आठ तिचे आणि आठ ब चे. मंदाकिनी मॅडम कधी आवाज चढवत नसत, त्याची त्यांना गरजच पडत नसे.

“शंभर टक्के एकमत नवरा-बायकोतसुद्धा नसतं, दीपमाला,” त्या म्हणाल्या. “आणि ते तर एका घरात राहतात.”

आठही व्हिडिओंमधला प्रत्येक आकडा जुळत होता. दीपमालाला आधी वाटलं, कौतुकच चाललंय. मग मॅडमनी तिसऱ्या तक्त्यातल्या एका चौकटीवर बोट ठेवलं. तिथे दीपमालाने ७ लिहिला होता. सात असा आकडा यादीतच नाही. त्या दिवशी डुलकी लागली असेल किंवा हात घसरला असेल. मॅडमनी दुसरं बोट ब च्या तक्त्यावर ठेवलं. त्याच चौकटीत, बारीक उभट अक्षरात, तोच ७.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. एकच चूक दोन माणसांना एकदम सुचत नाही, तेव्हा कुणी तरी कुणाचं तरी बघून लिहिलंय. ब म्हणजे श्रद्धा, पहिल्या वर्षाची, शांत मुलगी, ती असं करणार नाही. पुढच्या सोमवारी बारावा व्हिडिओ होता, खराडीच्या तात्यारावांचा. तेवढा एकच मॅडम पुन्हा तपासणार होत्या. तो जर असाच शंभर टक्के जुळला, तर दीपमालाचं नाव प्रकल्पातून जाणार, पुढच्या प्रशिक्षणासाठी हवं असलेलं शिफारसपत्र मिळणार नाही, आणि का मिळालं नाही ते विभागप्रमुखांना सांगावं लागणार.

कॉपी. दीपमालाची कानशिलं तापली. दहावीच्या परीक्षेत तिच्या केंद्रावर भिंतीवरून चिठ्ठ्या येत होत्या आणि शिक्षक खिडकीतून बाहेर बघत होते. मागची मुलगी पेन्सिल टोचून सारखी म्हणत होती, जरा सरक ना, दिसत नाही. दीपमाला सरकली नाही. तिने फळीसारखा हात आडवा ठेवून तीन तास पेपर लिहिला. वर्गातल्या सगळ्यांना नव्वदच्या पुढे मिळाले आणि हिला एकाहत्तर. त्या एकाहत्तरांचा तिला आजवर जितका अभिमान होता तितका दुसऱ्या कशाचाच नव्हता. आणि आता कुणी तरी तिच्या तोंडावर तिला कॉपीबहाद्दर म्हणत होतं.

“मी नाही बघितलं,” ती म्हणाली.

“मग सोमवारी दिसेलच,” मॅडम म्हणाल्या आणि लॅपटॉपकडे वळल्या.

३

आरोप झालाच आहे तर नियम तरी कशाला पाळायचा, असं म्हणून दीपमालाने दुसऱ्या दिवशी एक डाव टाकला. नववा व्हिडिओ तिने लावलाच नाही. कोऱ्या तक्त्यात तिने आईचा मोबाइल नंबर लिहिला, तो संपला की पुन्हा तोच, असा चोवीस वेळा. दोनशे चाळीस चौकटी भरल्या. तक्ता पेटीत न टाकता तिने घडी घालून स्वतःच्या सॅकमध्ये ठेवला, चेन लावली, आणि मग पेटीचं झाकण उघडलं.

आत ब चा नववा तक्ता होता. वरून तिसरी ओळ असो नाहीतर शेवटची, सगळीकडे आईचा नंबर.

तिने तोही तक्ता काढून सॅकमध्ये कोंबला. मग तिचं शिकलेलं डोकं चालू लागलं. खोलीत कुठे कॅमेरा असेल. श्रद्धा खिडकीतून बघत असेल. खिडकी शोधायला तिने मान वर केली, तर खोलीला खिडकीच नव्हती. हे तिला तीन आठवडे माहीत होतं.

पहिल्या वर्षाच्या ग्रुपवरून तिने श्रद्धाचा नंबर मिळवला आणि फोन लावला. श्रद्धा आधी ओशाळली. तिला खराडीत एका कंपनीत नोकरी लागली होती, कॉलेज तर केव्हाच सुटलं होतं. मॅडमना तोंड कसं दाखवायचं म्हणून तिने काही कळवलं नव्हतं, नुसतं येणं बंद केलं.

“दोनच दिवस आले गं मी. एक पण शीट पूर्ण नाही केली, आय स्वेअर,” ती म्हणाली. “मॅडमना सांगू नकोस ना, प्लीज.”

का सोडलंस, असं दीपमालाने विचारलं. श्रद्धा जरा घुटमळली. काम बोअर होतं, म्हणाली. मग म्हणाली, “आणि त्या रूममध्ये ना, गर्दी वाटायची.”

फोन ठेवल्यावर दीपमालाला तिच्या अडचणीचा खरा आकार कळला. श्रद्धा येतच नाही हे मॅडमना सांगावं, तर मॅडम विचारणार की मग ब चे तक्ते भरतं कोण. त्या खोलीत जाणारी दुसरी कुणीच नव्हती. म्हणजे कॉपीचा आरोप जाऊन दोन्ही तक्ते स्वतःच भरल्याचा आरोप यायचा. तोंड उघडावं तर फसावं, न उघडावं तरी फसावं.

४

दहाव्या व्हिडिओच्या दिवशी तिने हेडफोन एका कानावरून काढून ठेवला. पंखा, जिन्यावरची पावलं, लांब कुठे तरी चाललेलं ड्रिल मशीन. आणि तिच्या पेन्सिलीचा आवाज. तिने आकडा लिहिला, हात थांबवला. पेन्सिलीचा आवाज तिच्यानंतर अगदी किंचित उशिरा थांबला.

तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तसंच.

खोली रिकामी आहे, छत उंच आहे, आवाज घुमत असणार, असं तिने स्वतःला समजावलं. मग तिने मागे वळून पाहिलं. दोन बाकं, त्यांच्यावरची धूळ. तिच्या लगेच मागच्या बाकावर मात्र डाव्या बाजूला धूळ नव्हती. एक माणूस बसेल एवढीच जागा साफ होती, घासून लकाकी आलेली, रोजच्या वापरातली.

भीती तिला वाटली. पण भीतीच्या पाठोपाठ, किंबहुना तिला बाजूला ढकलत, दहावीतला तो जुना संताप वर आला. म्हणजे इतके दिवस कुणी तरी मागे बसून हिच्या पेपरातलं बघत होतं, आणि चोर ठरत होती ही.

दीपमाला पुढे वळली. वेणी मागे टाकली, डावा हात कोपरापासून आडवा करून तक्त्यावर ठेवला आणि हाताच्या आडोशाला एकेक आकडा लिहू लागली. मागचा आवाज थांबला. मग पेन्सिल पुन्हा चालू लागली, पण ती आकड्यांची नव्हती. आकडा लिहायला क्षणभर पुरतो. हा आवाज लांबलचक होता, सावकाश, वळणं घेणारा. ती वळली नाही. दोनशे चाळीस चौकटी भरूनच उठली आणि तडक पेटीकडे गेली.

ब चा तक्ता आत पडलेला होता. शिसाची भुकटी अजून कागदावर होती. पहिल्या नऊ चौकटींत आकडे होते, तिचेच. त्यापुढे चौकटींवरूनच एक चित्र काढलेलं होतं. दिसत होतं तेच काढलेलं, वरून आणि थोडं मागून: कागदावर आडवा पडलेला हात, कुर्त्याच्या बाहीच्या चुण्या, मनगटावरचं बाबांनी दिलेलं घड्याळ. घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटं झालेली. वेणीचा एकेक पेड मन लावून काढलेला होता. आणि चित्राच्या कडेला, वेणीच्या शेजारी, डाव्या खांद्यावर टेकलेली चार बोटं होती. नीट बघता यावं म्हणून पुढे वाकलेल्या माणसाने आधाराला हात ठेवावा, तशी.

तिने स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. पांढऱ्या कुर्त्यावर शिसाचे चार पुसट राखाडी डाग होते.

५

दीपमाला जिन्यावर जाऊन बसली आणि थोडी रडली. कॅन्टीनमध्ये जाऊन तिने लागोपाठ दोन चहा घेतले. वाशीमची गाडी संध्याकाळी होती. ती पकडायची, आईला काही तरी कारण सांगायचं, आणि संपलं. पण मग मॅडम म्हणणार, पळाली. आणि विभागात कायमचं हेच राहणार की वाशीमची ती मुलगी कॉपी करायची. ते काही तिला सहन होण्यासारखं नव्हतं. अकरावा व्हिडिओ तिने तसाच ठेवला आणि सोमवारची वाट पाहिली.

सोमवारी ती साडेदहालाच आली. धापा टाकत तिने आपलं बाक ओढून पाठ भिंतीला टेकेल असं लावलं. मागचं बाक फिरवून समोर आणलं, मध्ये हातभर अंतर ठेवून. स्टुलावर लॅपटॉप असा आडवा ठेवला की दोन्ही बाकांवरून दिसेल. हेडफोन काढून आवाज मोठा केला. मग समोरच्या बाकावर, त्या साफ जागेपुढे, तिने कोरा तक्ता ठेवला, त्यावर टोक केलेली पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर तिने परत उचलून घेतलं, कारण आकडा बदलायचा नाही हा नियम होता.

ती आपल्या जागेवर बसली. आवाज कापतोय हे तिला कळत होतं आणि त्याचा रागही येत होता. राग आला की तिची पुण्यातली भाषा गळून पडायची.

“हे पाह्य,” ती समोरच्या रिकाम्या बाकाला म्हणाली. “तू कोन हायेस ते मले नाही पाह्यचं. बसाचं तं समोर बस. तुह्या डोळ्यानं पाह्य, तुले दिसते ते लिह्य. माह्या कागदात पाह्याचं नाही.”

आणि तिने तात्यारावांचा व्हिडिओ लावला.

तात्याराव सत्तरीचे, खराडीचे मूळ रहिवासी. शेतात आता काचेच्या इमारती उभ्या होत्या, आणि त्यांच्या बंगल्यातल्या मोठ्या सोफ्यावर ते एकटेच मधोमध बसलेले होते. आनंदीबाईंना जाऊन सात महिने झाले होते. मॅडम कमी बोलत, ते त्याहून कमी. दीपमाला थांबवत होती, लिहीत होती, पुढे जात होती. मान वर करायची नाही असं तिने ठरवलं होतं. समोरून पेन्सिलीचा आवाज येऊ लागला तेव्हाही तिने वर पाहिलं नाही. फक्त तिच्या एवढं लक्षात आलं की आज तो आवाज तिच्या मागोमाग येत नव्हता. कधी तिच्या आधी येत होता, कधी बऱ्याच वेळाने. कधी ती लिहायची आणि समोर शांतता असायची, दुसरं कुणी अजून विचार करत असल्यासारखी.

व्हिडिओच्या अगदी शेवटी तात्याराव म्हणाले, “बसा की. जागा हाय.” मॅडम हसून म्हणाल्या की मी बसलेलीच आहे. तिथे तो संपला.

दीपमालाने डोळे खाली ठेवूनच आपला तक्ता उचलला आणि पेटीत टाकला. आतून दुसऱ्या कागदावर पडल्याचा आवाज आला. तिने मागे पाहिलं. समोरच्या बाकावर नुसती पेन्सिल होती, बरीच झिजलेली.

६

दुपारी मॅडमनी तक्ते मोजले. एक्याऐंशी टक्के.

मंदाकिनी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना आनंद झाला होता आणि तो लपवण्याची त्यांना सवय होती. “बघा, दम दिला की माणसं किती प्रामाणिक होतात,” एवढंच त्या म्हणाल्या. शिफारसपत्र महिनाअखेरीला देते म्हणाल्या. दीपमालाच्या छातीवरचं ओझं उतरलं. शंभरपैकी एक्याऐंशी: म्हणजे दोन वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या डोळ्यांनी बघणारी. तिचं नाव साफ होतं.

“हे ५ काय आहे मात्र कळलं नाही,” मॅडम तक्ता तिच्याकडे सरकवत म्हणाल्या. ब ने सहा ठिकाणी ५ लिहिला होता. तक्त्याच्या तळाशी छापील ओळ होती: यादीत नसलेला आकडा वापरल्यास खुलासा करावा. तिच्यापुढे आजवर कुणी काही लिहिलं नव्हतं. आता तिथे बारीक उभट अक्षरात दोनच शब्द होते.

माझ्याकडे बघतात.

मॅडम म्हणाल्या की पहिल्या वर्षाची मुलं आहेत, कॅमेऱ्याकडे म्हणायचं असेल. तो ५ त्यांनी ४ मध्ये धरला आणि पुढच्या कामाला लागल्या.

दीपमाला दोन्ही तक्ते घेऊन खोलीत परत आली. सहाही जागा तिने एकेक करून काढल्या. तिने स्वतः तिथे ४ लिहिले होते, दुसरीकडे कुठे तरी. तात्याराव मॅडमकडे बघत नव्हते आणि कॅमेऱ्याकडेही नाही. ते आपल्या डाव्या हाताला, सोफ्याच्या रिकाम्या भागाच्या थोडं वर बघत होते, उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तितकं वर. पहिल्या वेळी चेहऱ्यावर भीती होती. दुसऱ्या वेळी कमी. आणि प्रत्येक वेळी बघून झालं की ते थोडे बाजूला सरकत होते, दाटीच्या एसटीत माणूस दुसऱ्याला जागा करून देतो तसे. सहाव्या वेळी ते सोफ्याच्या हाताला जाऊन चिकटलेले होते, बाकीचा सगळा सोफा मोकळा होता, आणि त्या मोकळ्या सोफ्याकडे बघत ते म्हणत होते, बसा की.

तिने मागचे व्हिडिओ उघडले. वारज्याच्या मुक्ताई, मार्केट यार्डाजवळचे रंगनाथ. माणसं वेगळी, घरं वेगळी, आणि सगळ्यांचं सरकणं एकच. मग तिने आपला बारावा तक्ता पुढ्यात घेतला. ते सहा ४ आता तिला चुकीचे वाटत होते. पेन्सिल हातात होती. पण बदलायचं नाही म्हणजे नाही. तिला जे दिसलं होतं ते तिने लिहिलं होतं, आणि ब ला जे दिसलं ते ब ने. दुसऱ्याचं बघून ती आपला आकडा बदलणार नव्हती, तो दुसरा कुणीही असो.

तिने व्हिडिओ बंद केला. पंख्याचा आवाज तेवढा उरला. समोरचं बाक रिकामं होतं आणि पेन्सिल तिथे नव्हती.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण बाकाच्या अगदी उजव्या टोकाला बसलो आहोत. एक पाय तर बाहेरच आला होता. भिंतीला पाठ लावून ती मधोमध बसली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. कधी सरकली ते आठवत नव्हतं. डावीकडची जागा मोकळी होती, एक माणूस सहज बसेल एवढी.

दीपमालाने तिकडे पाहिलं नाही. तिने दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले, बाकाची कड धरली आणि जोर लावून परत मधोमध सरकली. डाव्या अंगाला गार लागलं, आणि जागा लगेच झाली नाही. तिने आणखी जोर लावला.

“नाही सरकनार,” ती म्हणाली, आणि राहिलेला अकरावा व्हिडिओ लावला.